ओळ चालते तेव्हा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटी फाइल करा. सगळ्यात वर लिहा: एकूण = 100. त्याखाली एक फंक्शन लिहा आणि त्यात ‘एकूण’ प्रिंट करा, बस्स, एवढी एकच ओळ. फंक्शन चालवलं की 100 छापून येईल. आता त्याच फंक्शनमध्ये, प्रिंटच्या खाली, आणखी एक ओळ घाला: एकूण = 200. पुन्हा चालवा. या वेळी प्रिंटची ओळच कोसळते. ‘अनबाउंड लोकल एरर’ म्हणून तक्रार येते, म्हणजे या नावाला अजून किंमतच मिळालेली नाही.

हा प्रकार मला एका विद्यार्थ्याने दाखवला होता. त्याचा प्रश्न असा होता: “सर, खालची ओळ अजून चाललीच नाही, मग तिच्यामुळे वरची ओळ मोडते कशी?” इतका नेमका प्रश्न फार कमी जण विचारतात. बहुतेक जण नेटवरून उत्तर उचलतात, वर ‘ग्लोबल’ लिहितात आणि पुढे जातात.

‘पायथन एकेक ओळ वाचतो आणि चालवतो’ हे आपल्याला पहिल्या तासाला सांगितलेलं असतं. ते खरं नाही. एकही ओळ चालण्याआधी पायथन अख्खी फाइल वाचून होतो, आणि प्रत्येक फंक्शनमधल्या नावांची एक यादी करतो. ज्या नावाला त्या फंक्शनमध्ये कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का होईना, किंमत दिली असेल, ते नाव त्या पूर्ण फंक्शनपुरतं स्थानिक ठरतं. हा निर्णय फंक्शन चालायच्या आधीच होऊन बसलेला असतो. म्हणून प्रिंटची ओळ बाहेरच्या ‘एकूण’कडे बघतसुद्धा नाही. ती आपल्या स्थानिक खणात हात घालते आणि खण रिकामा निघतो.

एवढं कळलं की ‘फंक्शनमध्ये बाहेरचं व्हेरिएबल बदलायचं असेल तर ग्लोबल लिहा’ ही टिप पाठ करावी लागत नाही. मला प्रोग्रॅमिंगच्या टिप्सबद्दल हेच मनापासून सांगायचं आहे. चांगली टिप हा भाषेच्या आतल्या यंत्राचा एखादा नियम असतो, फक्त त्याचं कारण गळून गेलेलं असतं. कारण परत जोडलं की पन्नास टिप्सचे चार-पाच नियम होतात, आणि ते विसरता म्हटलं तरी विसरता येत नाहीत. मी कामावर नव्याने आलेल्यांना अलीकडे टिप्सची यादी देत नाही. इंटरप्रीटर, म्हणजे आपला कोड चालवणारा प्रोग्रॅम, उघडून दाखवतो.

उघडायला काही अवघड नाही. पायथनसोबत ‘डिस’ नावाचं मॉड्यूल फुकट येतं. ते तुमच्या कोडचा बाइटकोड, म्हणजे इंटरप्रीटर प्रत्यक्ष ज्या सूचना पाळतो त्यांची यादी, समोर ठेवतं. समजा आपण लिहिलं: दर + संख्या * 2. ही ओळ आधी टोकनायझरकडे जाते. तो अक्षरांचे तुकडे पाडतो: नाव, अधिक, नाव, गुणिले, आकडा. मग पार्सर त्या तुकड्यांचं झाड करतो. झाडाच्या शेंड्यावर अधिक बसतं, त्याच्या एका फांदीला दर आणि दुसऱ्या फांदीला गुणाकार. ‘आधी गुणाकार, मग बेरीज’ हा शाळेतला नियम इथेच, झाडाच्या आकारात जिरतो. पुढच्या टप्प्यांना तो माहीत असण्याची गरजच उरत नाही. मग कंपायलर झाड खालून वर फिरून सरळसोट सूचना लिहितो: दर आण. संख्या आण. 2 आण. गुण. मिळव.

‘आण’ म्हणजे चवडीवर ठेव. दर 10 आणि संख्या 4 असेल तर चवड अशी वाढते: 10, मग 10, 4, मग 10, 4, 2. ‘गुण’ म्हटल्यावर वरचे दोन उचलले जातात, त्यांच्या जागी 8 येतो, चवड 10, 8. ‘मिळव’ म्हटल्यावर 18. झालं. कंस नाहीत, अग्रक्रम नाही, काही नाही. सी-पायथनच्या, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या नेहमीच्या पायथनच्या, पोटात एक भलंमोठं चक्र आहे, ते एक सूचना उचलतं, पाळतं, पुढची उचलतं. तुमचं वेबपेज असो की विमानाच्या तिकिटांचं बुकिंग, पायथनमध्ये असेल तर ते सगळं या चक्रातूनच जातं. 2022 च्या 3.11 आवृत्तीपासून हे चक्र चालता चालता शिकतंही. एखादी बेरीज वारंवार पूर्णांकांचीच होतेय असं दिसलं की त्या जागची सूचना बदलून पूर्णांकांसाठीची वेगवान सूचना बसवली जाते. सूचनांची नावं आवृत्तीगणिक थोडी बदलतात, त्यामुळे तुमच्याकडे यादी जराशी वेगळी दिसली तर गोंधळू नका.

पहिल्यांदा डिस चालवाल तेव्हा 24 * 60 * 60 हे चालवून बघा. यादीत गुणाकार दिसणारच नाही, थेट 86400 दिसेल. कंपायलरने तो आधीच करून ठेवलेला असतो. म्हणजे ‘वेग वाचावा म्हणून’ कोडमध्ये 86400 लिहिणाऱ्यांनी काहीच वाचवलेलं नसतं, फक्त वाचणाऱ्याला कोड्यात टाकलेलं असतं. तास, मिनिटं, सेकंद वेगळे दिसू द्या.

आता त्या प्रसिद्ध सापळ्याकडे येतो, कारण त्यात खरी गंमत आहे. फंक्शनला ‘वस्तू’ आणि ‘यादी’ असे दोन आर्ग्युमेंट आहेत आणि यादीची डीफॉल्ट किंमत, म्हणजे बोलावताना यादी दिली नाही तर वापरायची किंमत, रिकामी लिस्ट. फंक्शन यादीत वस्तू टाकतं आणि यादी परत देतं. पहिल्यांदा ‘साखर’ देऊन बोलावलं, उत्तर आलं साखर. दुसऱ्यांदा ‘चहा’ देऊन बोलावलं, तर उत्तर येतं साखर, चहा. दुसऱ्या ग्राहकाच्या यादीत पहिल्याचं सामान. चाचणीत हे सापडत नाही, कारण चाचणीत बहुधा फंक्शन एकदाच बोलावलेलं असतं. ते नेमकं गर्दीच्या वेळी, खऱ्या ग्राहकांसमोर उगवतं.

बाइटकोड पाहिला तर कारण उघडं आहे. फंक्शन सुरू करणारी ‘डेफ’ ही नुसती घोषणा वाटते, पण ती चालणारी ओळ आहे. इंटरप्रीटर तिथे पोचला की त्या क्षणी रिकामी लिस्ट बनते, फंक्शनला चिकटवली जाते, आणि मग फंक्शनला नाव मिळतं. हे एकदाच घडतं. पुढे फंक्शन कितीही वेळा बोलवा, लिस्ट तीच. ती डोळ्यांनी बघताही येते: फंक्शनच्या नावापुढे टिंब देऊन, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं ‘डीफॉल्ट्स’ हे गुणनाम विचारा. प्रत्येक हाकेनंतर ती फुगत गेलेली दिसेल. उपाय सगळ्यांना पाठ आहे, डीफॉल्ट ‘नन’ ठेवा आणि लिस्ट आत बनवा. आत बनवलेली लिस्ट प्रत्येक हाकेला नवी का असते, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि याच्या शेजारीच दुसरा सापळा. फॉर लूपमध्ये ‘आय’ 0 ते 4 फिरतो आणि दर फेरीत एक लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, बनतं जे ‘आय’ परत देतं. पाच बटणांना पाच लॅम्डा जोडायची असतात तेव्हा हे हमखास लिहिलं जातं. बटण कुठलंही दाबा, उत्तर 4. लॅम्डाने ‘आय’ची किंमत जपून ठेवलेली नसते, ‘आय’ हे नाव जपलेलं असतं. बटण दाबेपर्यंत लूप कधीच संपलेला असतो आणि नावापाशी शेवटची किंमत उरलेली असते. यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे लॅम्डाला डीफॉल्ट आर्ग्युमेंट द्यायचं, आय = आय. कित्येक जण हा तोडगा मंत्रासारखा वापरतात. पण नीट बघा, तो चालतो कशामुळे? डीफॉल्ट किंमत बनवण्याच्या क्षणी, एकदाच ठरते म्हणून! साखरेच्या यादीने ज्या नियमाने घात केला, त्याच नियमाने इथे बटणं वाचवली. एका टिपमध्ये तो खलनायक आहे आणि दुसरीत तारणहार. टिप्स पाठ करणाऱ्याला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. ‘डेफ’ आणि ‘लॅम्डा’ कधी चालतात हे ज्याने पाहिलं त्याला ती एकच गोष्ट दिसते. मला स्वतःला प्रोग्रॅमिंगमध्ये याहून मोठा आनंद माहीत नाही.

बाकीच्या काही गोष्टी भरभर सांगतो. आकड्यांची तुलना ‘इज’ने, म्हणजे ‘दोन्ही मेमरीतली तीच वस्तू आहे का’ असं विचारून, करू नका, दोन समान-चिन्हांनी करा. सी-पायथन -5 ते 256 हे पूर्णांक वर्षानुवर्षं आधीच बनवून ठेवत आला आहे, त्यामुळे लहान आकड्यांवर ‘इज’ योगायोगाने खरं ठरतं. 257 वर प्रॉम्प्टपाशी एकेक ओळ लिहिली तर खोटं ठरतं, आणि त्याच ओळी एका फाइलमध्ये लिहिल्या तर पुन्हा खरं. फाइल एकत्र कंपाइल होते, तिथे सारखे स्थिरांक एकच केले जातात. मोठ्या लिस्टमध्ये ‘इन’ने शोधायचं वारंवार काम असेल तर सेट वापरा, कारण लिस्टमध्ये इंटरप्रीटर पहिल्यापासून एकेक तपासत जातो. वापरणाऱ्याने टाइप केलेल्या मजकुरावर ‘इव्हॅल’, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन, कधीही चालवू नका. तो मजकूर याच सगळ्या टप्प्यांतून जाऊन तुमच्या प्रोग्रॅमच्या हक्कांनिशी चालतो. नुसते आकडे आणि लिस्ट वाचायच्या असतील तर ‘एएसटी’ मॉड्यूलमधलं ‘लिटरल इव्हॅल’ झाडापर्यंतच जातं आणि झाडात साध्या किमतींखेरीज काही सापडलं तर नकार देतं.

आता देवनागरी. 2008 च्या डिसेंबरात आलेल्या पायथन 3 पासून व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. किंमत = 100 ही चक्क वैध ओळ आहे. पण किंमत = १०० लिहिलं तर टोकनायझर पहिल्याच आकड्यापाशी अडतो आणि अवैध अक्षर म्हणून सिंटॅक्स एरर देतो. गंमत अशी की अवतरणात ‘१००’ लिहून ते ‘इंट’ला दिलं, तर 100 बरोबर मिळतं. एकाच भाषेत ही दोन तोंडं कशी? कारण ही दोन वेगळी माणसं आहेत, म्हणा ना. कोडमधला आकडा टोकनायझर वाचतो, त्याला फक्त 0 ते 9 ठाऊक. ‘इंट’ हे चालत्या प्रोग्रॅममधलं काम, ते युनिकोडच्या तक्त्यात बघतं, आणि तिथे १ हा दशमान अंक म्हणून नोंदलेला आहे. मराठी फॉर्म वाचणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याचा थेट फायदा आहे. अंक बदलण्यासाठी तक्ता लिहीत बसायचं कारण नाही.

पण अक्षरांच्या बाबतीत सावध राहा. ‘नमन’ सगळी अक्षरंच आहेत का असं ‘इज-अल्फा’ला विचारलं तर हो म्हणतं. ‘मराठी’बद्दल विचारलं तर नाही म्हणतं. काना आणि वेलांटी युनिकोडमध्ये अक्षरं नव्हेत, चिन्हं म्हणून नोंदलेली आहेत. मजकुरात नमुने शोधणाऱ्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये शब्द शोधायला उलटा तिरका दंड, डब्ल्यू आणि अधिकचं चिन्ह वापरलं तर ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे हातात येतात. नाव तपासणाऱ्या कितीतरी फॉर्मांनी आपल्या लोकांची नावं नाकारली असतील ती याच कारणाने, आणि लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं. इंग्रजी नावांवर चाचणी पास झालेली असते. ‘रेजेक्स’ ही वेगळी लायब्ररी घेतली तर हा त्रास टळतो. शिवाय तिच्यात डोळ्यांना एक दिसणारं अक्षर एक म्हणून मोजायची सोयही आहे.

याहून छुपा प्रकार ‘कऱ्हाड’चा. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ आणि हलंत. दुसरीत साधा र, हलंत आणि त्यानंतर शून्य रुंदीचं, न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच उमटतात. पायथनला लांबी विचारा: एकाची 6, दुसऱ्याची 7. दोन्ही समान आहेत का विचारा: नाहीत. व्हेरिएबलच्या नावात दुसरी तऱ्हा वापरली तर न छापता येणारं अक्षर सापडलं म्हणून टोकनायझर थांबतो, आणि तुम्ही पडद्याकडे बघत बसता, कारण चूक दिसतच नाही. गावांची यादी शोधताना अर्धी कऱ्हाडं सापडत नसतील तर आधी हे तपासा. आणि ते अदृश्य चिन्ह सरसकट पुसून टाकू नका. पुसलं तर अर्धा र जाऊन ह वर रफार चढतो. र, हलंत आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलंत घाला, म्हणजे सगळी कऱ्हाडं एका रांगेत येतील.

हे सगळं बाहेरून बघणं झालं. आतून कळायला एक इंटरप्रीटर स्वतः लिहावा. ऐकायला भारी वाटतं, पण लिस्प नावाच्या भाषेचा पहिला इंटरप्रीटरही जवळजवळ असाच, कुणीतरी बसून लिहून काढला म्हणून झाला. एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी लिस्पवर काम करत होते. त्यांनी लिस्पमध्येच ‘इव्हॅल’ नावाचं फंक्शन कागदावर मांडलं, जे कुठलीही लिस्पची ओळ घेऊन तिची किंमत सांगेल. त्यांच्या लेखी ते सिद्धांतापुरतं होतं. स्टीव्ह रसेल म्हणाले, मी हे आयबीएम 704 या संगणकावर बसवतो. मॅकार्थींनी सांगितलं की हे वाचण्यासाठी आहे, गणनेसाठी नव्हे. रसेलनी तरीही ते यंत्रभाषेत उतरवलं, आणि लिस्पला इंटरप्रीटर मिळाला. मॅकार्थींचा तो लेख 1960 च्या एप्रिलमध्ये छापून आला. मला या गोष्टीतलं रसेल यांचं कागदावरच्या ओळींकडे बघणं फार आवडतं. त्यांना त्यात चालणारं यंत्र दिसलं.

तुम्ही लिहाल तेव्हा नुसत्या आकड्यांपासून सुरुवात करा. पार्सर बनवून देणारी साधनं घेऊ नका, हाताने लिहा. बेरीज-वजाबाकीचं एक फंक्शन, ते गुणाकार-भागाकाराच्या फंक्शनला बोलावतं, ते आकडा किंवा कंस वाचणाऱ्याला. तीन फंक्शनांची ही उतरंड म्हणजेच अग्रक्रम. मग 10 - 4 - 3 देऊन बघा. उत्तर 3 यायला हवं. बेरीज-वजाबाकीच्या फंक्शनने वजाचं चिन्ह दिसताच उरलेल्या ओळीसाठी स्वतःलाच बोलावलं असेल तर 9 येईल, कारण आधी 4 - 3 होऊन बसतं. तिथे लूप हवा: डावीकडचं झाड हातात धरून पुढचं पद त्याला जोडत जायचं. पुस्तकात ‘लेफ्ट असोसिएटिव्ह’ वाचून जे डोक्यावरून जातं ते या 9 वरून पक्कं कळतं.

पुढे नावं आणा, म्हणजे एक डिक्शनरी. मग ‘इफ’ आणा, आणि इथे थांबून विचार करा. ‘इफ’ साधं फंक्शन म्हणून लिहिता येईल का? येत नाही. फंक्शनला बोलावण्याआधी त्याची सगळी आर्ग्युमेंट काढून झालेली असतात, म्हणजे दोन्ही फांद्या चालून जातील. स्वतःला बोलावणारं फॅक्टोरियल मग कधीच थांबणार नाही. म्हणून ‘इफ’ला इंटरप्रीटरमध्ये वेगळी जागा लागते. शेवटी फंक्शनं आणा. प्रत्येक हाकेला एक नवी डिक्शनरी, आणि तिला तिच्या पालकाचा पत्ता. नाव इथे सापडलं नाही तर पालकाकडे विचार. पालक कोणता, ज्याने बोलावलं तो की जिथे फंक्शन जन्मलं तो? दुसरा निवडलात की तुमच्या भाषेत क्लोजर, म्हणजे जन्मजागेची नावं सोबत बाळगणारं फंक्शन, आलं, एकही ओळ जादा न लिहिता. आणि बटणांच्या लॅम्डाचं कोडं तुमच्या स्वतःच्या भाषेत जसंच्या तसं उभं राहील, कारण पाचही फंक्शनांचा पालक एकच आणि त्यात ‘आय’ एकच.

लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पायथनची हाकेची खोली, म्हणजे एका हाकेच्या पोटात किती हाका जाऊ शकतात ती मर्यादा, सुरुवातीला 1000 ला बांधलेली असते. तुमच्या भाषेतल्या एका हाकेसाठी पायथनच्या तीन-चार हाका खर्च होतात, त्यामुळे तुमचं फॅक्टोरियल काहीशे पायऱ्यांतच दमतं. चूक तुमच्या तर्कात शोधत बसू नका.

आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक टोकनसोबत त्याची ओळ आणि रकाना साठवा, झाडाच्या प्रत्येक गाठीवर ते पोचवा. नंतर घालतो म्हटलं की होत नाही, सगळा पार्सर उसवावा लागतो. हे केलंत की चूक झाल्यावर नुसतं ‘काहीतरी चुकलं’ असं न छापता नेमक्या जागी बोट ठेवता येतं. कोड चालताना होणाऱ्या चुकांसाठी पायथनलाही हे 3.11 पासूनच जमलं. एकाच ओळीत तीन भागाकार असतील तर कुठला शून्याने मोडला हे आता खाली टोपीसारख्या खुणांनी दाखवलं जातं. त्यासाठी बाइटकोडच्या प्रत्येक सूचनेसोबत सुरुवातीचा आणि शेवटचा रकाना साठवावा लागतो. कंपाइल झालेल्या फाइली त्याने थोड्या जाड झाल्या, मेमरीही थोडी जास्त लागते. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी बंद करायची सोय ठेवलेली आहे. मी ती कधीच वापरत नाही. रात्री सर्व्हर पडलेला असताना त्या खुणा दिसल्या की निम्मं काम झालेलं असतं.